चित्राच्या पोटांतलें चित्र

टीकाकारानें आपली चूक आपल्याच हातानें चव्हाट्यावर मांडावी, असा प्रघात आमच्याकडे फारसा नाहीं. एकदां मत छापून गेलें, किंवा वर्गांत शे-सव्वाशें मुलांपुढें ठांसून सांगून झालें, म्हणजे तें जन्मभर सांभाळणें हेंच विद्वत्तेचें लक्षण समजण्यांत येतें. आम्ही आज हा प्रघात मोडीत आहों. आमच्या अंगीं अकस्मात् नम्रता संचारली आहे, हें याचें कारण नव्हे. आमची चूक ज्या रीतीनें उघडकीस आली, त्या रीतीनें चित्रकलेविषयींच नव्हे, तर एकंदर टीकेच्या अधिकाराविषयीं एक मोठा प्रश्न उभा केला आहे. आणि तो आमच्यासारख्या शिक्षकानें एकट्यानें सोडविण्याजोगा नसून सुशिक्षित वाचकांपुढें ठेवण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही तेव्हां महाविद्यालयांत इंग्रजी काव्य शिकवीत होतों. कवि जें सांगतो त्यापेक्षां जें सांगत नाहीं तेंच कित्येकदां अधिक बोलतें, हा आनंदवर्धनाचा ध्वनिसिद्धान्त मुलांच्या गळीं उतरविण्यासाठीं आम्ही एक युक्ति योजीत असूं. सतराव्या शतकांतील डेल्फ्ट गांवचा डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याचें ‘उघड्या खिडकीपाशीं पत्र वाचणारी तरुणी’ हें चित्र, एका पुस्तकांतून मोठें करून घेतलेलें, आम्ही फळ्यावर टांचीत असूं. डावीकडे उघडी खिडकी. तिच्याकडे तोंड करून उभी असलेली, हातांतल्या पत्रांत बुडून गेलेली एक तरुणी. खिडकीच्या कांचेंत तिच्या मुखाचें अंधुक प्रतिबिंब. पुढें गालिचा अंथरलेल्या मेजावर कलंडलेलें फळांचें तबक. उजवीकडे हिरवा पडदा. आणि तरुणीच्या मागें, चित्राचा चांगला मोठा भाग व्यापून राहिलेली, एक कोरी भिंत. त्या भिंतीवर आम्ही पाऊण पाऊण तास बोलत असूं. पत्र कोणाचें, त्यांत सुख आहे कीं दुःख, हें चित्रकारानें सांगितलें नाहीं; त्यानें केवळ एक भिंत मोकळी सोडली आणि त्या मोकळ्या जागेंत तरुणीचें सारें मन ओतलें, असें आमचें प्रतिपादन असे. मुलें तें लिहून घेत. परीक्षेंतहि कांहीं जण तें लिहीत, आणि आम्ही त्यांना गुण देत असूं.

कांहीं वर्षांपूर्वीं त्या वर्गांतल्या एका विद्यार्थिनीचें पत्र आलें. ती आतां नोकरीनिमित्त जर्मनींत असते. ड्रेस्डेन येथील चित्रालयांत ती मुद्दाम तें चित्र पाहण्यास गेली होती, व त्याचें छायाचित्र तिनें सोबत धाडलें होतें. चित्र तेंच, खिडकी तीच, तरुणी तीच. परंतु भिंत कोरी नव्हती. तरुणीच्या डोक्यामागें काळ्या चौकटींतलें एक भलें मोठें चित्र टांगलेलें होतें, आणि त्यांत एक नागडा मदनबाळ धनुष्य घेऊन उभा होता. पत्रांत कुशलाखेरीज दोनच ओळी होत्या: “सर, या भिंतीवर तुम्हीं आम्हांला पाऊण तास सांगितलें होतें. आतां काय सांगाल?”

उत्तर देण्यापूर्वीं झालें काय, तें समजून घेणें प्राप्त होतें. हें चित्र १६५७ ते १६५९ च्या सुमाराचें. सॅक्सनीच्या इलेक्टरासाठीं तें १७४२ सालीं पॅरिसमध्यें खरेदी झालें, तेव्हां तें रेम्ब्रांटचें म्हणून घेतलें होतें. त्यावर व्हर्मीरचें नांव चढण्यास पुढें शंभरांहून अधिक वर्षें जावीं लागलीं. १९७९ सालीं त्याचें क्ष-किरण छायाचित्र घेतलें, तेव्हां कोऱ्या भिंतीखालीं मदन दडलेला आहे हें तज्ज्ञांना कळलें. परंतु तो व्हर्मीरनेंच रंगविला आणि नापसंत पडल्यामुळें व्हर्मीरनेंच झांकला, असें सर्वांनीं गृहीत धरलें. हें गृहीत जवळ जवळ चाळीस वर्षें टिकलें. आमची लाजिरवाणी गोष्ट अशी कीं, क्ष-किरणांची ही हकीकत आम्हांस वाचून ठाऊक होती, आणि आम्ही ती आपल्याच मताच्या पुष्टीसाठीं राबवीत असूं. “पाहा, व्हर्मीरनें बोलका मदन पुसून टाकिला आणि मौन पसंत केलें!” हें वाक्य आमच्या व्याख्यानाचा कळस होता.

२०१७ सालीं चित्राच्या दुरुस्तीचें काम हातीं घेण्यांत आलें. वरचें जुनें रोगण उतरवितांना असें आढळलें कीं, भिंतीवरचें रोगण इतर भागांवरच्या रोगणाप्रमाणें विरघळत नाहीं. मग रंगाचे अतिसूक्ष्म नमुने काढून त्यांची परीक्षा झाली. मदन आणि भिंत यांच्यामध्यें जुन्या लेपाचा व मळाचा एक थर निघाला. चित्रकार आपलें काम बदलतो तेव्हां दोन रंगांमध्यें मळ सांचण्यास अवकाश नसतो. मळाचा थर सांचण्यास वर्षें जावीं लागतात. यावरून मदनावर हात फिरला तो कित्येक दशकांनंतर, म्हणजे १६७५ सालीं वारलेल्या व्हर्मीरच्या पश्चात्, हें निश्चित झालें. पुढें सूक्ष्मदर्शकाखालीं नस्तरानें कणाकणानें तो वरचा थर खरवडून काढण्यांत आला, आणि सप्टेंबर २०२१ मध्यें मदनासह तें चित्र लोकांपुढें मांडलें गेलें. हा मदन मुखवटे पायाखालीं तुडवीत आहे: ढोंगावर खऱ्या प्रेमानें मिळविलेला जय. ज्या चित्राला आम्हीं मौनाचें चित्र म्हटलें, तें इतकें बोलकें निघालें. ज्या भिंतीस आम्हीं व्हर्मीरची प्रतिभा म्हटलें, ती कोणा अज्ञात माणसाच्या कुंचल्याची करणी निघाली.

या हकीकतींत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९७९ च्या क्ष-किरणांनीं खोटें कांहींच सांगितलें नव्हतें. खालीं मदन आहे एवढेंच त्यांनीं सांगितलें, आणि तें खरें होतें. तो कोणीं झांकला, केव्हां झांकला, हें आम्हीं आपल्या पदरचें घातलें. यंत्राची साक्ष आणि माणसाचा तर्क यांची सरमिसळ झाली, आणि तर्काला यंत्राचा मान मिळाला. आज यंत्रें पूर्वींपेक्षां शतपट तीक्ष्ण झालीं आहेत. म्हणून या सरमिसळीचें भयहि त्याच प्रमाणांत वाढलें आहे, असें आमचें म्हणणें आहे.

तेव्हां हीं यंत्रें काय करतात तें थोडक्यांत पाहूं. क्ष-किरणांचा शोध राँटगेननें १८९५ सालीं लाविला, आणि चित्रांवर त्यांचा प्रयोग होण्यास फार काळ लागला नाहीं. परंतु त्या जुन्या रीतींत एक मोठी अडचण होती. क्ष-किरण चित्रांतून आरपार जातात. वाटेंत शिशाचा सफेता लागला कीं अडतात. आणि पलीकडे फिल्मवर जें उमटतें त्यांत वरचा थर, खालचा थर, अस्तर, कॅनव्हासचे धागे, चौकटीचे खिळे हें सारें एकावर एक पडलेलें असतें. चार माणसें एकदम बोलूं लागलीं म्हणजे कानांना जसा गलका ऐकूं येतो, तसाच हा डोळ्यांचा गलका. गेल्या पंधरा-वीस वर्षांत रुळलेली रीति निराळी आहे. तींत क्ष-किरणांचा एक बारीक झोत चित्रावर ठिपक्याठिपक्यानें फिरवितात. त्या झोतानें रंगांतील मूलद्रव्यें चेतविलीं जातात, आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक ऊर्जेचे किरण परत टाकतें. पारा सांपडला कीं हिंगूळ. तांबें सांपडलें कीं तांब्यापासून होणारा निळा किंवा हिरवा. लोखंड सांपडलें कीं गेरू किंवा पिवळी माती. सोमल आणि गंधक जोडीनें सांपडले कीं हरताळ अथवा मनशीळ. अशा रीतीनें एकाच चित्राचा पाऱ्याचा नकाशा, तांब्याचा नकाशा, शिशाचा नकाशा असे अनेक नकाशे निघतात. त्यांच्या जोडीला, डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे बारीक बारीक पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यांत वेगळें छायाचित्र घेतात.

हा मजकूर एवढा प्रचंड होतो कीं, तो वाचण्यास माणसाचें आयुष्य पुरणार नाहीं. चित्रांतल्या लक्षावधि ठिपक्यांपैकीं प्रत्येकाची एक स्वतंत्र आलेखरेषा असते. येथें गणकयंत्र लागतें. ज्यांचे रंग निश्चित ठाऊक आहेत असे नमुने आधीं यंत्रापुढें ठेवितात; त्यांवरून ‘न्यूरल नेटवर्क’ म्हणून ओळखली जाणारी गणितरचना खुणा शिकते, आणि मग अपरिचित चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला आपण होऊन नांव देत जाते. म्हणजे शाळेंतल्या मुलाप्रमाणें तीहि उदाहरणांवरूनच शिकते. आणि शिकविणाऱ्याच्या उदाहरणांत जो रंग नव्हता तो ओळखण्याची वेळ आली, तर उदाहरणांतल्याच कोणत्या तरी नांवाकडे वळण्याचा तिचा कल असतो. ‘मला ठाऊक नाहीं’ असें म्हणण्यास तिला निराळें शिकवावें लागतें. ही खोड आमच्या धंद्यांतल्या माणसांना अपरिचित नाहीं.

अशा परीक्षेचा सर्वांत मोठा प्रयोग आम्स्टरडॅम येथील राइक्स म्यूझियमनें जुलै २०१९ मध्यें रेम्ब्रांटच्या १६४२ सालच्या ‘नाइट वॉच’ या चित्रावर सुरू केला. पावणेचार मीटरांहून उंच आणि साडेचार मीटर रुंद असें हें चित्र मूलद्रव्यांच्या नकाशासाठीं ५६ भागांत तपासलें गेलें, आणि एकेका भागास चोवीस तास लागले. पुढें ८,४३९ छायाचित्रें यंत्राच्या साह्यानें सांधून ७१७ अब्ज बिंदूंचें एकच चित्र जानेवारी २०२२ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत दोन बिंदूंमधील अंतर मिलिमीटरच्या दोनशेंव्या भागाइतकें आहे. तें संग्रहालयानें सर्वांना खुलें केलें असल्यामुळें आमच्या वाचकांना तें आपल्या मुलांसह घरबसल्या पाहतां येईल, आणि एका सैनिकाच्या डोळ्यांतला रंगाचा एकेक कण मोजतां येईल.

परंतु आकड्यांपेक्षां निष्कर्ष महत्त्वाचे. कॅल्शियमच्या नकाशांत रेम्ब्रांटचें मूळ रेखाटन प्रथमच दिसलें: त्यानें तपकिरी अस्तरावर, खडूचें प्रमाण अधिक असलेल्या फिकट रंगानें, सबंध रचना आधीं आंखून घेतली होती. एका शिपायाच्या शिरस्त्राणावर त्यानें पिसें रंगविलीं होतीं, व मग तीं स्वतःच झांकलीं. पुढल्या रांगेंतल्या अधिकाऱ्याच्या जरतारी अंगरख्यांत सोमल व गंधक सांपडले. म्हणजे आमच्या जुन्या चिताऱ्यांच्या परिचयाच्या हरताळ-मनशिळेच्या कुळांतला रंग त्यानें वापरला होता. ज्याला आपण प्रतिभेचा एक झपाटा समजत होतों, तें काम किती वेळां मोडून, किती विचारानें उभें राहिलें, याचा हा पुरावा आहे. जाणाऱ्या-येणाऱ्यास ठाऊक असावी अशी आणखी एक गोष्ट आहे. या चित्रांत रात्र नाहींच! वरचें रोगण काळवंडल्यामुळें तें रात्रीचें वाटूं लागलें, आणि तेंच नांव कायमचें चिकटलें. एका थरानें सबंध चित्राचें बारसें केलें!

दुसरें उदाहरण बेल्जममधील गेंट शहराचें. तेथील सेंट बाव्हो देवालयांत व्हान आयक बंधूंनीं १४३२ सालीं पुरी केलेली वेदीवरची चित्रमाला आहे. तिच्यांतील आदम व ईव्ह यांच्या फळ्या दोन्ही बाजूंनीं रंगविलेल्या असल्यामुळें त्यांच्या क्ष-किरण छायाचित्रांत पुढचें व पाठचें चित्र एकमेकांत गुंतून जात असे. २०१९ सालीं इंग्लंड-अमेरिकेंतील संशोधकांनीं दोन्ही बाजूंचीं साधीं रंगीत छायाचित्रें यंत्राला दिलीं आणि त्या गलक्यांतून कोणता आवाज कोणाचा हें त्याजकडून निवडून घेतलें. हें काम खरोखर वाखाणण्याजोगें आहे. कारण येथें दोन्ही बाजू डोळ्यांपुढें असल्यामुळें यंत्राचा निवाडा कोणालाहि पडताळून पाहतां येतो.

त्याच मालेंतल्या मधल्या फळीवरचें देवाचें कोंकरूं मात्र निराळा धडा देतें. सोळाव्या शतकांत कोणीं तरी त्याचें तोंड नव्यानें रंगविलें होतें. १९५०-५१ च्या दुरुस्तींत वरचा कांहीं रंग काढला, तेव्हां खालचे मूळ कान वर आले, पण वरचेहि तसेच राहिले. आणि पुढें जवळ जवळ सत्तर वर्षें तें बिचारें कोंकरूं चार कानांनीं उभें होतें. २०१९ च्या सुमारास वरचा मुखवटा पुरा उतरविण्यांत आला. खालून निघालेलें मूळ मुख समोर रोखून पाहणारें, जवळ जवळ मनुष्याच्या डोळ्यांचें होतें. कित्येकांनीं त्याची थट्टा केली; जुनें गरीब तोंडच बरें होतें असें म्हणणारेहि निघाले. मूळ तें आवडीचें असेलच असें नाहीं, ही गोष्ट त्या निमित्तानें सर्वांच्या प्रत्ययास आली.

येथवर आम्हीं यंत्राचे गुण गाइले. आतां जेथें आमचें त्याच्याशीं, किंवा खरें म्हणजे त्याच्या भक्तांशीं, भांडण आहे तेथें येऊं. पिकासोच्या १९०३ सालच्या ‘आंधळ्याचें जेवण’ या चित्राखालीं अंग आंखडून बसलेल्या एका नग्न स्त्रीची आकृति क्ष-किरणांनीं दाखविली आहे. २०२१ सालीं लंडनमधील दोघा संशोधकांनीं पिकासोच्या इतर चित्रांवरून यंत्राला त्याची शैली शिकविली, त्या पुसट आकृतीवर यंत्राकडूनच रंग भरविले, आणि कुंचल्याच्या फटकाऱ्यांचा उंचसखलपणाहि छापून तें एक नवें ‘पिकासोचें चित्र’ म्हणून जगापुढें मांडलें. आमच्या मतें हें संशोधन नव्हे. बाह्यरेषा पुराव्याची आहे; रंग मात्र सर्वस्वीं अटकळीचा. शिवाय तें चित्र पिकासोनें, पैशाच्या ओढगस्तीमुळें म्हणा कीं नापसंतीमुळें म्हणा, स्वतःच्या हातानें झांकलें होतें. कवीच्या केराच्या टोपलींतून फाडलेले कागद काढावे, गाळलेले शब्द आपल्या पदरचे भरावे, आणि त्याच्या नांवानें काव्यसंग्रह काढावा, त्यांतलाच हा प्रकार!

याच्या उलट ‘नाइट वॉच’ च्या बाबतींत कसें वागले पाहा. १७१५ सालीं तें चित्र नव्या जागेंत बसावें म्हणून त्याच्या चारहि कडा कापण्यांत आल्या होत्या. तत्पूर्वीं खेरिट लुंडेन्स या चित्रकारानें त्याची एक लहान नक्कल केली होती, ती सुदैवानें टिकली. २०२१ सालीं त्या नकलेच्या आधारें, यंत्राला रेम्ब्रांटची रंगसंगति शिकवून, हरवलेल्या पट्ट्या तयार केल्या, कांहीं महिने मूळ चित्राभोंवतीं टांगल्या आणि मग काढून घेतल्या. येथें जुन्या नकलेचा आधार होता, ही पूर्ति आहे अशी स्पष्ट कबुली होती, आणि मूळाला हात लागला नव्हता. यंत्र दोन्ही ठिकाणीं सारखेंच. फरक पडला तो वापरणाऱ्यांच्या विवेकांत.

आमच्या मतें चित्रांतल्या दडलेल्या थरांच्या तीन जाती मानिल्या पाहिजेत. पहिली, चित्रकारानें स्वतः टाकून दिलेल्या गोष्टी: रेखाटन, बदल, झांकलेलीं पिसें. यांवरून त्याच्या विचाराची वाट कळते. परंतु तें त्याचें चित्र नव्हे. दुसरी, परक्या हातानें वर चढविलेल्या गोष्टी: ड्रेस्डेनची भिंत, कोंकराचें तोंड. यांच्याखालीं चित्रकाराचें चित्र असतें. तिसरी, काळानें चढविलेला थर: काजळी, धूळ, काळवंडलेलें रोगण. हीं तिन्ही यंत्राच्या दृष्टीला सारखींच. तें म्हणतें, येथें शिसें आहे, येथें पारा आहे, हें वर आहे, हें खालीं आहे. कोणता थर म्हणजे चित्र, हें त्याला सांगतां येत नाहीं; कारण हा प्रश्न द्रव्याचा नाहींच, हेतूचा आहे. मळाच्या थराचा अर्थ सुद्धां माणसानेंच लाविला, आणि त्याचा पहिला सुगावा लागला तो रोगण उतरविणाऱ्याच्या हाताला.

ग्रंथांच्या बाबतींत हा प्रश्न आम्हां महाराष्ट्रीयांना नवा नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम आरंभिलें आणि तें १९६६ सालीं पुरें केलें. सुमारें १,२५९ हस्तलिखितें तपासून, सुकथनकरांसारख्या पंडितांनीं मूळ संहिता कोणती व मागाहून चढलेले थर कोणते याची निवड केली. व्यास सांगत आहेत आणि गणपति लिहीत आहे, हें आमच्या घराघरांतलें लाडकें आख्यान त्या निवडींत संहितेबाहेर गेलें. परंतु तें जाळलें नाहीं, परिशिष्टांत छापलें. ज्याला गणपति हवा त्यानें परिशिष्ट उघडावें. प्रक्षेपालाहि स्वतःचा इतिहास असतो, लोकांचें प्रेम असतें, हें त्या संपादकांनीं जाणलें होतें.

चित्राचें दुर्दैव असें कीं, त्याला परिशिष्ट नसतें. वरचा थर नस्तरानें खरवडला कीं तो गेला; ड्रेस्डेनची कोरी भिंत आतां कोणालाहि मूळ चित्रावर पाहतां येणार नाहीं. न खरवडावें, तर मदन अंधारांत राहतो. येथेंच या यंत्रांचा खरा उपकार आम्हांस दिसतो. वरच्या थराला धक्का न लावतां खालचा थर पाहतां येतो, आणि जो थर काढावाच लागेल त्याची बिनचूक नोंद आधीं घेऊन ठेवतां येते. म्हणजे आजवर चित्राला जें परिशिष्ट नव्हतें तें यंत्रानें मिळवून दिलें. पाहण्यासाठीं खरवडण्याची गरज उरली नाहीं. खरवडावयाचें तें पुरता विचार केल्यावर, एवढी सवड माणसाला मिळाली.

ही सवड नव्हती तेव्हां काय झालें, तें पाहण्यास युरोपांत जावयास नको. अजिंठ्याच्या लेण्यांत १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें इटलींतून तज्ज्ञ आणवून भित्तिचित्रांची डागडुजी करविली. त्यांचा हेतु चांगला होता, आणि सुटूं लागलेला गिलावा त्यांनीं भिंतीस धरून ठेविला, हेंहि खरें. परंतु चित्रांवर त्यांनीं लाखेचें रोगण चढविलें, तें पुढें पिवळें व काळपट पडलें, आणि पद्मपाणीच्या त्या लेण्यांतलें मूळ रंगवैभव पिढ्यान् पिढ्या लोकांनीं लाखेच्या पडद्याआडूनच पाहिलें. तो पडदा उतरविण्याचें काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना मागाहून करावें लागलें. ग्रिफिथ्स आणि त्याचे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी यांनीं १८७२ ते १८८५ पर्यंत तेथें बसून ज्या नकला केल्या, त्यांपैकीं पुष्कळशा १८८५ सालीं लंडनमधील आगींत जळाल्या. आमच्या नशिबीं सगळेच लुंडेन्स टिकले नाहींत. म्हणून लेण्यांच्या भिंतींचे थर असे यंत्रानें नोंदून ठेवणें ही आमच्याकडे चैन नसून निकड आहे, असें आम्ही समजतों.

आतां विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळूं. आम्हीं शिकविलें तें खोटें होतें काय? आम्हीं पुष्कळ विचार केला, आणि शेवटीं तिला असें लिहिलें. त्या रिकाम्या भिंतीपुढें आम्हांस जें वाटलें तें खोटें नव्हतें. मौनाचा परिणाम मनावर होतो, हा सिद्धान्तहि खोटा नाहीं. खोटी होती ती आमची खात्री. भिंतीच्या सौंदर्यावर आम्हीं व्हर्मीरची सही केली, आणि ती सही करण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आमचें तेव्हांचें ज्ञान अपुरें होतें, ही चूक नव्हे. अपुऱ्या ज्ञानावर आम्हीं कळस चढविला, ही चूक. ज्या विद्यार्थ्यांनीं तें वाक्य परीक्षेंत लिहिलें त्यांचे गुण आम्ही परत घेऊं शकत नाहीं. पण आमचे आम्ही कापून घेतों.

तिला आणखी एक गोष्ट आम्हीं कळविली. आम्स्टरडॅमला व्हर्मीरचें ‘दूध ओतणारी दासी’ हें चित्र आहे. त्यांतहि दासीच्या मागें तशीच कोरी भिंत. २०२२ सालीं त्याच जातीच्या यंत्रांनीं ती तपासली, तेव्हां असें दिसलें कीं, दासीच्या डोक्यामागें कुंजे टांगण्याची एक फळी व खालच्या कोपऱ्यांत एक विस्तवाची टोपली व्हर्मीरनें आरंभीं योजिली होती, आणि मग स्वतःच झांकून टाकिली. येथें मौन खरोखर व्हर्मीरचेंच आहे. दोन भिंती, दोन्ही कोऱ्या, दोहोंखालीं कांहीं तरी दडलेलें. एक परक्याची, दुसरी त्याची. आमचा सिद्धान्त एका चित्रांत हरला तो दुसऱ्यांत जिंकला, म्हणून आम्हांला आनंद व्हावा हें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. परंतु तो आनंद आम्ही बेतानेंच बाळगतों. उद्यां एखादा मळाचा कण तेथेंहि निघाला, तर हा परिच्छेद परत घ्यावा लागेल, याची आम्हांस जाणीव आहे.

पुस्तकांतून मोठें केलेलें तें जुनें चित्र अद्याप आमच्या अभ्यासिकेंत आहे. त्याच्या शेजारीं विद्यार्थिनीनें धाडलेलें छायाचित्र आम्हीं लाविलें आहे. यंदा वर्गांत ध्वनीचा विषय निघेल, तेव्हां आम्ही दोन्ही चित्रें फळ्यावर टांचणार आहों, आणि भिंतीविषयीं मुलांनीं आधीं बोलावें असें सांगणार आहों.